फीमधला दवाखाना

अमेरिकेतल्या आरोग्य विम्याचा इतिहास सांगताना बहुतेक पुस्तके १९२९ सालच्या डॅलसपासून सुरुवात करतात. बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाचा कारभार पाहणाऱ्या जस्टिन फोर्ड किंबॉल यांनी त्या शहरातल्या शाळाशिक्षकांपुढे एक प्रस्ताव ठेवला. महिन्याला ५० सेंट भरा. आजारी पडलात तर २१ दिवस रुग्णालयात ठेवून घेऊ. पुढे ‘ब्लू क्रॉस’ या नावाने देशभर पसरलेल्या विम्याचे मूळ हेच, असे मानले जाते. ही हकिगत खोटी नाही, पण अपुरी आहे. डॅलसच्या शिक्षकांच्या २३ वर्षे आधी पॅसिफिकच्या किनाऱ्यावर बर्कलीच्या विद्यार्थ्यांना हेच, किंबहुना याहून थोडे अधिकच मिळू लागले होते, आणि त्यासाठी विमा कंपनी नावाच्या गोष्टीची गरज पडली नव्हती. धडधाकट मुलांनी भरलेल्या फीमधून आजारी मुलाचा खर्च भागवायचा, ही कल्पना ज्या देशाने शतकभर नाक मुरडून पाहिली, त्याच देशातल्या कॉलेजांनी ती फारसा गाजावाजा न करता अमलात आणली. माझे म्हणणे असे की कॉलेजांनी हे दयेपोटी केले नाही, स्वतःच्या गरजेपोटी केले, आणि म्हणूनच ते टिकले. पुढे विम्याची पॉलिसी कॉलेजच्या फाटकातून आत आली तेव्हा या कल्पनेला बळ मिळायला हवे होते. प्रत्यक्षात ती बरीच पातळ झाली.

गरज कोणती, हे पाहायला १८५० च्या दशकात मागे जावे लागते. मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅम्हर्स्ट कॉलेजचे अध्यक्ष विल्यम स्टर्न्स आपल्या विश्वस्तांपुढे एकच तक्रार मांडत होते. हिवाळा संपून वसंत सुरू झाला की मुलांची प्रकृती ढासळते, काही जण शिक्षण सोडून घरी जातात, काही दगावतात. थंडगार खोल्या, दिव्याच्या उजेडातले वाचन, व्यायामाचा अभाव आणि साथीचे रोग यांत हे नवल नव्हते. नवे होते ते याची जबाबदारी कॉलेजची आहे, असे एका अध्यक्षाने मानणे. विश्वस्तांनी व्यायामशाळा बांधली, ‘आरोग्यशास्त्र आणि शारीरिक शिक्षण’ असा स्वतंत्र विभाग काढला आणि १८६१ साली त्यावर एडवर्ड हिचकॉक या डॉक्टराची नेमणूक केली. याच कॉलेजचे एके काळचे अध्यक्ष आणि नामवंत भूगर्भशास्त्रज्ञ असलेल्या हिचकॉक यांचे ते चिरंजीव. १९११ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे तब्बल ५० वर्षे, त्यांनी ती जागा सोडली नाही. आठवड्यातून चार दिवस, अर्धा-अर्धा तास, सगळ्या वर्गाकडून लाकडी डंबेल्सची कवायत करून घ्यायची, शरीरशास्त्र शिकवायचे, आजाऱ्याला तपासायचे आणि प्रत्येक मुलाची उंची, वजन, छाती, दंडाची ताकद मोजून वहीत उतरवायची, असे त्यांचे काम. औषधे त्या काळी होतीच किती, आणि असलेल्यांपैकी उपयोगाची किती! हिचकॉक यांनी कोणता रोग बरा केला, हा प्रश्न त्यामुळे गौण ठरतो. विद्यार्थ्यांचे आजारपण ही दैवाची गोष्ट न मानता हिशेबाची गोष्ट मानण्याची सवय त्यांनी लावली, आणि हिशेब मांडता आल्याशिवाय खर्च वाटून घेण्याचा विचार कोणालाच सुचत नाही.

मुलींच्या कॉलेजांची निकड याहून तीव्र होती. न्यूयॉर्क राज्यातले व्हॅसर कॉलेज १८६५ मध्ये उघडले तेव्हापासूनच तिथे अलाइडा एव्हरी या डॉक्टरबाई निवासी वैद्य म्हणून नेमलेल्या होत्या. त्यांची नेमणूक किती शहाणपणाची होती हे १८७३ मध्ये कळले. हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात शिकवलेल्या एडवर्ड क्लार्क यांनी त्या वर्षी ‘सेक्स इन एज्युकेशन’ हे पुस्तक काढले. मुलींनी मुलांसारखा अभ्यास केला तर शरीराची शक्ती मेंदूकडे वळते आणि प्रजननाच्या इंद्रियांची हानी होते, असा त्यांचा सिद्धान्त. पुरावा म्हणून मोजक्या रोगिणींच्या कहाण्या. आज हे हास्यास्पद वाटते, पण पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि आईबाप हादरले. तेव्हा पदवीधर स्त्रियांच्या संघटनेने थेट पाहणीच केली. ७०५ पदवीधर स्त्रियांकडून माहिती मागवली, मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी श्रमसांख्यिकी खात्याकडून तिची तक्ते मांडून तपासणी करून घेतली आणि शिकलेल्या बायका इतर बायकांपेक्षा अधिक आजारी नसतात हे १८८५ मध्ये छापून दाखवले. मुलींच्या कॉलेजात डॉक्टर असणे हा असा त्या कॉलेजांच्या अस्तित्वाचा प्रश्न बनला. एखादी मुलगी खंगली तर ती एकटी खंगत नव्हती, तिच्याबरोबर स्त्रीशिक्षणाचा खटलाही हरण्याची भीती होती.

नेमक्या याच वर्षांत आपली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शिकत होती. १८८३ ते १८८६ या तीन वर्षांत तिथली थंडी, न मानवणारे अन्न आणि अभ्यासाचा ताण यांनी तिची प्रकृती पोखरली, हे मराठी वाचकाला सांगायला नको. मार्च १८८६ मध्ये तिला पदवी मिळाली, फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयाने तिचा अंत झाला. त्या काळी क्षयावर इलाज नव्हता. कॉलेजात उत्तम इन्फर्मरी, म्हणजे आवारातलाच दवाखाना, असती तरी ती वाचली असती असे म्हणण्यात अर्थ नाही. लक्षात घ्यायचे ते वेगळेच. तिच्या आजारपणात तिला जो आधार मिळाला तो डीन रेचल बॉडली यांच्या आस्थेचा आणि रोझेल गावच्या कार्पेंटर मावशींच्या मायेचा होता. डॉक्टर घडवणाऱ्या संस्थेतसुद्धा विद्यार्थिनीचे आजारपण हे कोणाच्या तरी चांगुलपणावर सोपवलेले असे. त्याच कॉलेजातून १८९१ मध्ये पदवी घेतलेल्या हॅली टॅनर डिलन या कृष्णवर्णीय डॉक्टरबाई त्याच वर्षी अलाबामातल्या टस्कीगी इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाल्या. तिथले प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्यांना विद्यार्थी, शिक्षक आणि त्यांची कुटुंबे अशा सगळ्यांच्या प्रकृतीसाठी बोलावले होते; औषधेही त्यांनीच तयार करायची. आसपासच्या गोऱ्या रुग्णालयांचे दरवाजे ज्यांना बंद, त्या मुलांसाठी कॉलेजचा दवाखाना हाच एकमेव दवाखाना होता. म्हणजे आनंदीबाईंना जे व्यक्तीच्या स्नेहातून मिळाले, ते पाच वर्षांनी दूर दक्षिणेत, कितीतरी गरीब मुलांना, पगारी डॉक्टरच्या रूपाने मिळू लागले होते.

श्रीमंत विद्यापीठांचे डोळे मात्र एका साथीने उघडले. १९०३ च्या हिवाळ्यात कॉर्नेल विद्यापीठ ज्या गावात आहे त्या इथाकात विषमज्वर पसरला. गावाचे पाणी खाजगी कंपनीकडे होते, ते गाळले जात नव्हते, आणि ओढ्यावर धरण बांधण्याचे काम चालू असताना मजुरांची घाण त्याच पाण्यात मिसळत होती. सुमारे १३५० जणांना लागण झाली, ८२ माणसे मेली, त्यांत कॉर्नेलचे २९ विद्यार्थी होते. शेकडो मुले आगगाडीने घरी पळाली. विद्यापीठाची इन्फर्मरी अपुरी पडली. शेवटी विश्वस्त असलेल्या अँड्र्यू कार्नेगी या धनाढ्याने आजारी विद्यार्थ्यांची बिले भागवली आणि पाणी शुद्ध करण्याचे यंत्रही उभारून दिले. कार्नेगींचे औदार्य मोठेच, पण कॉलेजांच्या कारभाऱ्यांना त्यातून दोन गोष्टी उमगल्या असणार. एक, दर साथीला कार्नेगी मिळत नाही. दुसरी, वसतिगृहात आणि खाणावळीत एकत्र राहणाऱ्या मुलांचे आजारपण प्रत्येकाच्या बापाच्या खिशावर सोडता येत नाही, कारण ज्याच्या बापाकडे पैसे नाहीत तो मुलगा तापातही खोलीतच पडून राहतो आणि शेजारच्या दहा जणांना आजारी पाडतो.

तीनच वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला. एप्रिल १९०६ मध्ये आगीतून वाचलेले हजारो लोक खाडी ओलांडून बर्कलीत आले, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आवारात तंबू पडले, तात्पुरते रुग्णालय उभे राहिले. त्याच वर्षी विद्यापीठाचे डॉक्टर जॉर्ज राइनहार्ट यांनी विद्यार्थ्यांची कायमची इन्फर्मरी सुरू केली. तिची घडण साधी होती. प्रत्येक विद्यार्थ्याने सत्राला दोन-तीन डॉलरची सक्तीची आरोग्य फी भरायची. त्या बदल्यात डॉक्टरचा सल्ला, औषधपाणी आणि गरज पडली तर खाट आणि शुश्रूषा मिळणार. वेगळे बिल नाही. सक्ती हा यातला कळीचा भाग. ज्याला वाटेल त्याने भरावे असे ठेवले असते तर जो आधीच खोकतो आहे तोच भरायला आला असता आणि पहिल्या हिवाळ्यातच हिशेब कोलमडला असता. विम्याचे गणित जाणणाऱ्या कंपन्यांना ज्या पेचाने आजही घाम फुटतो, तो पेच राइनहार्ट यांनी फीच्या पावतीवर एक ओळ वाढवून सोडवला. दुसरा भाग असा की पैसे घेणारा आणि उपचार करणारा एकच होता. उपचार नाकारून नफा वाढवणारा मधला कोणी नव्हता. तिसरे म्हणजे, आजारी मुलगा लवकर बरा होऊन वर्गात परतावा यात विद्यापीठाचाच फायदा होता. म्हणून ताप चढण्याआधी मुलांना दवाखान्यात बोलावणे, लस टोचणे, खाणावळीचे दूध तपासणे ही कामेही याच फीमध्ये मावली.

ही पद्धत झपाट्याने पसरली. १९१० मध्ये प्रिन्स्टनने स्ट्युअर्ट पॅटन यांच्या हाताखाली विद्यार्थ्यांच्या मानसिक आजारांसाठी सेवा सुरू केली. पहिल्या महायुद्धात भरतीसाठी आलेल्या तरुणांपैकी मोठ्या संख्येने तरुण शारीरिक दोषांमुळे नाकारले गेले, मग इन्फ्लुएंझाची साथ आली, आणि १९२० मध्ये कॉलेजांतल्या डॉक्टरांनी आपली राष्ट्रीय संघटनाच काढली. १९३० मध्ये बर्कलीत देणगीतून कॉवेल मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले. एवढ्यात देशात एक मोठा वाद पेटला. वैद्यकीय खर्चाचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांच्या समितीने १९३२ मध्ये शिफारस केली की डॉक्टरांनी गटाने काम करावे आणि लोकांनी आगाऊ पैसे भरून खर्च वाटून घ्यावा. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मुखपत्राने तिच्यावर समाजवादाचा, साम्यवादाचा शिक्का मारून रान उठवले. गंमत अशी की याच समितीने विद्यापीठांतल्या आरोग्यसेवांवर एक स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला होता. जे देशात आणले तर क्रांती होईल असे ओरडून सांगितले जात होते, ते बर्कलीत एक पिढीभर चालू होते आणि कॅलिफोर्नियात क्रांती झालेली नव्हती! डॉक्टरमंडळींनी कॉलेजांकडे एवढी डोळेझाक का केली, याचे उत्तर माझ्या मते सरळ आहे. घरापासून दूर असलेला, खिशात पैसे नसलेला विद्यार्थी हे खाजगी डॉक्टरच्या दृष्टीने गिऱ्हाईकच नव्हते. जिथे धंदा नाही तिथे तत्त्वाचे भांडणही होत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. तरुण मुले मुळात निरोगी असतात, त्यांचा खर्च वाटून घेण्यात कसले मोठेपण? विशीतल्या मुलांकडून पैसे घेऊन सर्दीच्या गोळ्या देणे सगळ्यांनाच जमेल, साठीतल्या माणसांचे काय? आक्षेपात तथ्य आहे. बहुतेक कॉलेजांच्या फीमध्ये मोठी शस्त्रक्रिया किंवा महिनोन्‌महिन्यांचे आजारपण बसत नव्हते, हेही खरे. पण निरोगी तरुण हे चित्र आपल्या काळाचे आहे. प्रतिजैविके आणि लशींनंतरचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत तरुण माणसांना मारणाऱ्या कारणांत क्षय सगळ्यांत पुढे होता. विषमज्वर, घटसर्प, न्यूमोनिया, पोलिओ यांना विशीचे वावडे नव्हते. आणि अपवादात्मक, अतिशय खर्चिक रुग्णाचे या व्यवस्थेने काय केले, याचे एक उदाहरण जगाच्या इतिहासात जाऊन बसले आहे. १९६२ मध्ये एड रॉबर्ट्स हा पोलिओने मानेखाली लुळा झालेला तरुण बर्कलीत दाखल झाला. रात्री श्वास चालू ठेवायला त्याला ‘आयर्न लंग’ नावाची लोखंडी टाकी लागे, आणि ती कोणत्याच वसतिगृहात मावेना. विद्यार्थी-आरोग्यसेवेचे प्रमुख हेन्री ब्रुइन यांनी कॉवेल हॉस्पिटलमधली खोली त्याला राहायला दिली. रुग्ण म्हणून नव्हे, विद्यार्थी म्हणून. पाठोपाठ जॉन हेस्लर आला, मग आणखी काही जण. हॉस्पिटलचा तो मजलाच अपंग विद्यार्थ्यांचे वसतिगृह झाला, आणि तिथे जमलेल्या मुलांनी पुढे १९७२ मध्ये बर्कलीत ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ उभे केले. अपंगांच्या हक्कांची अमेरिकेतली चळवळ बऱ्याच अंशी त्या मजल्यावर वाढली. कोणत्याही विमा पॉलिसीच्या कलमात ही खोली बसली नसती. कॉलेजचे हॉस्पिटल कॉलेजचे होते, म्हणूनच तिथल्या प्रमुखाला ती देता आली.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. दवाखाना कॉलेजचा असला की शरीरही कॉलेजचे होते. हिचकॉक यांच्या मोजपट्टीत कुतूहल होते, पण अधिकारही होता. हार्वर्ड, येल, व्हॅसर, वेल्स्ली अशा नामांकित कॉलेजांत शरीराची ठेवण तपासण्याच्या नावाखाली नव्या मुलामुलींचे नग्न फोटो काढण्याची प्रथा १९६० च्या दशकापर्यंत होती, आणि त्यांपैकी अनेक फोटो विल्यम शेल्डन या संशोधकाच्या, शरीराच्या ठेवणीवरून स्वभाव ओळखण्याच्या भंपक शास्त्रासाठी वापरले गेले. मुलींच्या बाबतीत डॉक्टर हा पालकाचा हेर असे. १९६५ मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या मुलींच्या कॉलेजचे डॉक्टर रॉसवेल जॉन्सन यांनी २१ वर्षांवरच्या दोन अविवाहित विद्यार्थिनींना संततिनियमनाची गोळी लिहून दिली, ही बातमी विद्यार्थिनींच्या वृत्तपत्राने छापली तेव्हा देशभर गदारोळ उठला. दोन वर्षांनी बोस्टन विद्यापीठातल्या व्याख्यानानंतर एका अविवाहित तरुणीच्या हाती संततिनियमनाचे साधन दिल्याबद्दल बिल बेअर्ड यांना अटक झाली. तोच खटला सर्वोच्च न्यायालयात पोहोचून १९७२ मध्ये अविवाहितांच्या हक्काचा निकाल लागला. हे सगळे कबूल करूनही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. फोटोंची प्रथा विद्यापीठांनीच बंद केली, गोळी कॉलेजच्याच डॉक्टरने लिहून दिली आणि ब्राउनचे अध्यक्ष बार्नबी कीनी त्याच्या पाठीशी उभे राहिले. ज्यांच्याशी भांडायचे ती माणसे आवारातच होती. त्यांच्या दारात मोर्चा नेता येत होता. पुढच्या काळात विद्यार्थ्याचे भांडण दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या कंपनीच्या क्लेम विभागाशी सुरू झाले. तिथे मोर्चा कुठे न्यायचा?

तो पुढचा काळ दुसऱ्या महायुद्धाने आणला. युद्धात पगारवाढीवर बंधने आली, तेव्हा कारखानदारांनी कामगार टिकवण्यासाठी आरोग्य विमा देऊ केला, आणि सरकारने त्या हप्त्यांना करातून सूट दिली. १९५४ च्या करकायद्याने ही सूट पक्की झाली. मध्यमवर्गीय अमेरिकन माणसाचा विमा नोकरीला चिकटला तो असा. नोकरी बापाची, आणि विद्यार्थी त्याच्या पॉलिसीवरचा ‘अवलंबित’. सर्वसाधारणपणे १८-१९ व्या वर्षी मुलगा पॉलिसीतून बाहेर. पूर्णवेळ विद्यार्थी असेल तर आणखी तीन-चार वर्षांची सवलत. वरवर सोयीची वाटणारी ही अट किती क्रूर होऊ शकते, हे न्यू हॅम्पशायरमधल्या एका विद्यार्थिनीच्या बाबतीत दिसले. तिला आतड्याचा कर्करोग झाला. डॉक्टर म्हणाले, कॉलेज थांबव. पण पूर्णवेळ विद्यार्थी राहिली नाही तर आईच्या पॉलिसीतून नाव कटणार, आणि उपचाराचा खर्च घराला पेलणारा नव्हता. ती केमोथेरपी घेत पूर्ण अभ्यासक्रम करत राहिली, पदवी घेतली आणि २००५ मध्ये वारली. तिच्या आईने लढून आधी राज्यात आणि मग २००८ मध्ये देशभर कायदा करवून घेतला; आजारपणामुळे शिक्षणातून रजा घेतली तरी विमा एक वर्ष चालू राहावा, एवढीच त्याची तरतूद. त्याला ‘मिशेल्स लॉ’ म्हणतात. अभ्यास चालू ठेवण्यासाठी उपचार, हा १९०६ चा क्रम होता. शतकभरानंतर उपचार मिळावेत म्हणून अभ्यास चालू ठेवायची पाळी आली.

ज्यांना बापाची पॉलिसी नव्हती त्यांच्यासाठी कॉलेजांनी कंपन्यांकडून विद्यार्थी-पॉलिसी घेतल्या. रुग्णालयांचे खर्च फीच्या आवाक्याबाहेर गेले होते, त्यामुळे काहीतरी करणे भागच होते, हे मान्य केले पाहिजे. पण घेतले ते काय? केंद्राच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००८ मध्ये दिलेल्या अहवालात चित्र स्पष्ट आहे. १८ ते २३ वयाच्या कॉलेज विद्यार्थ्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांकडे कसला ना कसला विमा होता, सुमारे १७ लाखांकडे काहीच नव्हते. निम्म्याहून जास्त कॉलेजे स्वतःची पॉलिसी देत होती, आणि त्या पॉलिसींच्या मर्यादांत जमीनअस्मानाचा फरक होता. काही पॉलिसी एका आजाराला काही हजार डॉलर देऊन हात वर करत. हप्ता कमी ठेवण्याचा तो सोपा मार्ग. ज्याला खरोखर मोठा आजार होईल त्यालाच वाऱ्यावर सोडायचे, आणि बाकीच्यांना विमा असल्याचे समाधान द्यायचे. कॉलेजचा दवाखाना मोठे आजार सांभाळू शकत नव्हता म्हणून पॉलिसी आणली, आणि तीही नेमक्या तिथेच थांबू लागली.

पॉलिसीच्या बाजूने बोलणारे मॅसॅच्युसेट्सचे उदाहरण देतात, आणि ते द्यायलाच हवे. गव्हर्नर डुकाकिस यांच्या काळात १९८८ मध्ये त्या राज्याने सगळ्यांना विमा देणारा कायदा केला. मालकांवरची सक्ती पुढे ढकलत ढकलत शेवटी रद्द झाली. विद्यार्थ्यांनी विमा घेतलाच पाहिजे ही सक्ती मात्र १९८९ मध्ये लागू झाली आणि टिकली. देशात सक्तीच्या विम्याची पहिली खरी तालीम पुन्हा एकदा विद्यार्थ्यांवर झाली, हे खरे. पण ती टिकण्याचे कारण पाहा. मालकांची लॉबी असते, विद्यार्थ्यांची नसते. १९०६ ची सक्ती विद्यापीठाने स्वतःवर जबाबदारी घेऊन लादली होती; १९८९ च्या सक्तीत जबाबदारी विद्यार्थ्याची आणि धंदा कंपनीचा, असा वाटा पडला. २०१० च्या ओबामांच्या कायद्याने बरेच सुधारले. मुलांना २६ व्या वर्षापर्यंत आईवडिलांच्या पॉलिसीत राहता येऊ लागले, आणि २०१२ पासून टप्प्याटप्प्याने विद्यार्थी-पॉलिसींच्या वार्षिक मर्यादा काढून टाकण्यात आल्या. तरी एक फट राहिली. जी विद्यापीठे कंपनीकडून पॉलिसी न घेता स्वतःच्या पैशाने योजना चालवत, त्यांना हे नियम लागू नव्हते. अशांपैकी एक होते कॅलिफोर्निया विद्यापीठ, राइनहार्ट यांचेच. तिथल्या योजनेत आयुष्यभरासाठी ४ लाख डॉलरची मर्यादा होती, आणि कर्करोगाच्या रुग्णाला ती गाठायला फार वेळ लागत नाही. विद्यार्थ्यांनी आंदोलन केल्यावर २०१३ मध्ये ती काढली गेली. माझ्या युक्तिवादाला हे उदाहरण अडचणीचे आहे, हे उघड आहे: मधली कंपनी नसतानाही विद्यापीठ विमा कंपनीसारखे वागू शकते. फरक एवढाच की इथे भांडण पुन्हा आवारात आले आणि थोड्याच काळात मिटले. कॉवेल हॉस्पिटल मात्र तोवर उरले नव्हते. ते १९९३ मध्ये पाडले, आणि त्या जागी विद्यापीठाचे बिझनेस स्कूल उभे आहे.

हा सगळा परक्या देशाचा इतिहास आता महाराष्ट्रातल्या हजारो घरांच्या हिशेबाचा भाग झाला आहे. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते, इतर कोणत्याही देशाच्या विद्यार्थ्यांपेक्षा अधिक. एफ-वन या विद्यार्थी-व्हिसावर जाणाऱ्याने विमा घ्यावा अशी केंद्र सरकारची सक्ती नाही. ती विद्यापीठाची असते. म्हणून विद्यापीठाच्या बिलात बहुधा दोन वेगळ्या रकमा दिसतात. एक आवारातल्या आरोग्य केंद्राची फी, बहुतेक ठिकाणी सक्तीची आणि तुलनेने किरकोळ. दुसरी विद्यार्थी-पॉलिसीची, भली मोठी, आणि दुसरा पुरेसा विमा असल्याचे दाखवून ‘वेव्हर’, म्हणजे सूट, घेता येण्याजोगी. आपल्याकडचे पालक दुसरी रक्कम पाहून दचकतात आणि इथूनच एजंटाकडून स्वस्त पॉलिसी काढून वेव्हर भरतात. ते करण्याआधी त्या स्वस्त पॉलिसीचे चार मुद्दे वाचावेत. वर्षाची किंवा आजाराची कमाल मर्यादा किती, आधीपासूनच्या आजारांचे काय, मानसिक उपचार धरले आहेत का, आणि स्वतःच्या खिशातून आधी किती भरावे लागते. मर्यादा काही हजार डॉलरची असेल तर ती पॉलिसी २०१२ पूर्वीच्या जमान्यातली आहे असे समजून बाजूला ठेवावी. आणि मुलाला निघण्याआधी एवढे जरूर सांगावे की साधा ताप असो की मनाची उलघाल, पहिल्यांदा आवारातल्या दवाखान्यात जा. त्याचे पैसे फीमध्येच भरलेले आहेत.